मिलानमध्ये कापोग्रोस्सी या इटालियन चित्रकाराचं सही केलेलं लिथोग्राफ (दगडावरून छापलेलं चित्र) ११०० युरोला मिळतंय, घेऊ का?

आवडलं असेल तर घ्या, पण फ्रेम उघडून बघितल्याशिवाय एक युरोपण देऊ नका. तुम्ही म्हणताय की खाली उजवीकडे पेन्सिलने सही आहे, डावीकडे ३७/९० आहे आणि दुकानदार सर्टिफिकेट देतोय, म्हणजे ओरिजिनलच ना. तसं काही नसतं, सही सगळ्यात शेवटी बघायची कारण खोटी करायला तीच सगळ्यात सोपी. मी प्रिंटमेकिंग शिकलोय, दगडावर स्वतः छापलंय, त्यामुळे माझी नजर आधी शाई आणि कागदावर जाते.

दहापट मोठं दाखवणारं भिंग न्या, घड्याळवाले डोळ्याला लावतात ते चालेल. रंगाच्या कडेला लावल्यावर निळे गुलाबी पिवळे ठिपके ठरावीक नक्षीत दिसले तर ते ऑफसेट, म्हणजे फोटोवरून यंत्रावर छापलेलं पोस्टरच, मग सही खरी असली तरी ती पोस्टरवरची सही. दगडावरच्या लिथोला प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, त्यामुळे रंग सलग सपाट दिसतो नाहीतर क्रेयॉनचे वेडेवाकडे कण दिसतात. आणि चित्राभोवती प्लेटचा दाबलेला चौकोन असेल तर ते बहुतेक एचिंग आहे, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून दाबून छापलेलं, मग लिथोग्राफ कशाला लिहिलंय ते विचारा.

जुझेप्पे कापोग्रोस्सी रोमचा, जन्म १९००, शिकला कायदा, बरीच वर्षं व्यवस्थित माणसंबिणसं रंगवत होता आणि पन्नाशीला आल्यावर ते सगळं सोडून एकच चिन्ह धरून बसला, ते कंगव्यासारखं दिसणारं. १९५० ला रोममध्ये तसली चित्रं पहिल्यांदा लावली आणि मग शेवटपर्यंत तेच. नावं पण बहुतेक 'सुपरफिचे' आणि पुढे नंबर, बास. मला स्वतःला फार आवडतो हा माणूस. १९७२ ला वारला, तेव्हा प्रिंटवर त्यानंतरचं साल असेल तर पेन्सिल कोणी चालवली ते दुकानदारालाच सांगू दे.

३७/९० म्हणजे नव्वदातली सदतिसावी प्रत, पण लिथोमध्ये नंबर लहान म्हणून प्रत चांगली असं काही नसतं, शिवाय 'प्रोवा दाउतोरे' म्हणजे चित्रकाराच्या स्वतःच्या प्रती वेगळ्या असतात. आपल्याकडे मळवलीच्या रविवर्मा प्रेसमध्ये पण दगडावरूनच छापायचे, पण ती चित्रं घराघरात लावायला ढिगाने निघायची, इथे मुद्दाम नव्वदवर थांबतात आणि पैसे त्या थांबण्याचेच.

अजून एक भानगड. सान लाझ्झारो नावाचा इटालियन माणूस पॅरिसहून 'व्हँतिएम सिएक्ल' मासिक काढायचा, त्यात बऱ्याच चित्रकारांचे खरे लिथो बांधलेले असायचे, पण सही नसलेले. असली मासिकातली पानं काढून वर नंतर सही ठोकलेली पण बाजारात येतात, म्हणून मधे घडीची रेघ किंवा कडेला शिवणीची भोकं आहेत का बघा. कागद उलटा करून मागे डिंक, टेप, माउंटने, म्हणजे फ्रेमच्या आतल्या पुठ्ठ्याने, पाडलेली तपकिरी रेघ बघा, आणि कडा कापल्यात का ते पण, कारण कापलेल्या प्रतीची किंमत चांगलीच पडते. मग सही. तिरक्या उजेडात धरली की ग्रॅफाइट चमकतं, छापलेली सही नाही चमकत.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर इटलीत ते देणं दुकानदाराचे उपकार नाहीत, २००४ च्या सांस्कृतिक वारसा कायद्याचं कलम ६४ आहे, विकणाऱ्याने चित्र खरं असल्याचं आणि कुठून आलं त्याचं लेखी द्यायलाच लागतं. त्यात कुठल्या प्रेसमध्ये छापलं, कुठलं साल, आधी कोणाकडे होतं हे नसेल तर त्या कागदाचा उपयोग शून्य. रोमला कापोग्रोस्सीचं आर्काइव्ह आहे, शंका वाटली तर तिथे फोटो पाठवून विचारा.

भावाचं, ११०० मला जास्त वाटतात, त्याचे सही केलेले लिथो लिलावात बऱ्याचदा काही शे युरोतच जातात. दुकानाचा भाव वर असतो हे मान्य, लिलावात पण कमिशन लागतंच. मी असतो तर फ्रेम तुलाच ठेव म्हणून सातशेपासून सुरुवात केली असती, तसंही घरी आणून अ‍ॅसिड-फ्री माउंट आणि यूव्हीवाली काच नवीन घालायलाच लागणार.