दारूच्या व्यसनाच्या जीवशास्त्रावर संशोधन करायचंय, प्रशिक्षण कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की एम.एस्सी. झालंय, घरात दारूपायी झालेले हाल लहानपणापासून पाहिलेत, आणि कुणीतरी ‘अमेरिकेत यासाठी खास ट्रेनिंग ग्रँट असते, तिथे अर्ज कर’ असं सुचवलंय. मी पीएच.डी. इथे केली आणि पुढची सहा वर्षं तिकडे उंदरांना दारू पाजण्यात घालवली. (आईला हे नातेवाइकांना सांगताना अजून जड जातं.)

आधी त्या ग्रँटचं. ती खरंच असते. दारूच्या प्रश्नासाठी तिकडे १९७० च्या कायद्याने एक स्वतंत्र राष्ट्रीय संस्था उभी राहिली. ती विद्यापीठांना टी-३२ नावाचं अनुदान देते आणि त्यातून पीएच.डी. आणि पोस्टडॉकची (म्हणजे पीएच.डी.नंतर संशोधन शिकणारी) पोरं तयार होतात. पण त्यात नेमणूक होते ती अमेरिकी नागरिकाची किंवा ग्रीनकार्डवाल्याची. व्हिसावर गेलेल्याची नाही. हे मला तिकडे पोचल्यावर कळलं. आपल्यासारख्यांचा पगार गाइडच्या संशोधन अनुदानातून निघतो. मात्र टी-३२ वाल्यांच्या चर्चेत मागच्या खुर्चीत बसायला आम्हाला कुणी अडवलं नाही, आणि खरं शिक्षण तिथेच होतं. तेव्हा ‘टी-३२ मिळेल का’ हे विचारत बसू नका, चांगला गाइड शोधा.

आता प्रत्यक्ष काय शिकवतात? पहिले तीन महिने मी फक्त बाटली मोजायला शिकलो. उंदीर रात्री जागा असतो, म्हणून अंधार झाल्यावर तीन तासांनी पाण्याची बाटली काढायची आणि २० टक्के अल्कोहोलची नळी लावायची, दोन तास. खोलीत लाल दिवा. किती प्यायला ते नळीवरच्या रेघांवरून वाचायचं. ऐकायला सोपं आहे. पण २५ ग्रॅमचा उंदीर त्या दोन तासांत जेमतेम अर्धा मिली पितो. नळी लावताना एक थेंब सांडला तर आकड्याचा दहावा हिस्सा गेला! म्हणून एका रिकाम्या पिंजऱ्यालाही नळी लावतात. तिथे जेवढं कमी होईल तेवढं सगळ्यांच्या आकड्यातून वजा करायचं.

मी एकदा हे नीट केलं नाही. एक औषध टोचलेले उंदीर कमी पितात असा सुंदर आलेख हातात आला, मी तर मनात पेपरचं शीर्षकही ठरवून टाकलं होतं. गाइडने एवढंच विचारलं, “रक्तातलं अल्कोहोल किती?” शेपटीतून रक्त काढून पाहिलं तर दोन्ही गट सारखे. औषध न दिलेल्या उंदरांचे पिंजरे दाराजवळच्या रॅकवर होते. ट्रॉली आत-बाहेर करताना रॅकला धक्का लागायचा आणि नळ्या गळायच्या. चार महिने पाण्यात. खरं तर दारूत.

त्यापुढचा धडा जास्त अवघड आहे: पिणं म्हणजे व्यसन नव्हे. सी-५७ नावाच्या जातीचे उंदीर दारू आवडीने पितात, डीबीए जातीचे तोंड फिरवतात. हे १९५९ मध्येच दाखवलं गेलं आणि आनुवंशिकतेचा मुद्दा तिथून पक्का झाला. पण आवडीने पिणाऱ्याला व्यसनी कसं म्हणणार? म्हणून दारूत कडू क्विनाइन घालतात, आणि तरी पितो का ते बघतात. माणूस सुरुवातीला मजेसाठी पितो आणि पुढे सकाळी हात थरथरू नयेत म्हणून पितो, हे गावात कुणालाही माहीत असतं. मेंदूतली मजेची यंत्रणा मागे पडून ताणाची यंत्रणा कधी ताबा घेते, हे शोधण्यात प्रयोगशाळांची हयात चालली आहे.

आमचा गाइड प्रत्येक नव्या पोराला अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या खुल्या सभेला पाठवायचा. मला आधी हा चोचला वाटला होता. तिथे अकरा वर्षं न प्यायलेला एक ट्रकवाला म्हणाला की एका ठरावीक वळणावर त्याला अजून तोंडाला पाणी सुटतं. दुसऱ्या दिवशी, दारू येणार याची खूण म्हणून पिंजऱ्यात लावलेला दिवा लागताच उंदीर नळीकडे धावला, तेव्हा मी काय बघतोय ते मला पहिल्यांदा कळलं.

अर्थात त्यासाठी अमेरिकाच गाठायला हवी असं नाही. बंगळुरूच्या निम्हान्सला व्यसनचिकित्सेचं केंद्र आहे आणि माणसांवरचं संशोधन तिथे भरपूर चालतं. एम्सचं केंद्र गाझियाबादला आहे. प्राण्यांवर काम करायचं तर नीतिमत्ता समितीची मंजुरी लागेल, आणि शुद्ध अल्कोहोलसाठी उत्पादन शुल्क विभागाचा परवाना. ते कागद वेळ खातात, धीर धरा. विषयांचा तर तुटवडा नाहीच. दारू पचवण्याशी संबंधित ज्या एएलडीएच-२ जनुकाच्या बदलावर ढिगाने लिहिलं गेलंय तो पूर्व आशियात सर्रास आढळतो, आपल्याकडे ईशान्य भारत सोडला तर दुर्मीळ. म्हणजे आपल्या लोकांचं कोडं आपल्यालाच सोडवायचंय. पुण्यात असाल तर आधी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन विचारा, काही दिवस मदतीला येऊ का म्हणून. घरच्या अनुभवामुळे ते झेपेल की नाही, हेही तिथेच कळेल.

आणि कुठल्याही लॅबची मुलाखत द्याल तेव्हा एक विचारा: रिकाम्या पिंजऱ्याची नळी कोण मोजतं? उत्तर लगेच आलं तर तिथे जा.