तोंडाच्या कॅन्सरवर नॅनो केमो घेतली तर साइड इफेक्ट होत नाहीत, हे खरं का?

होत नाहीत असं अजिबात नाही, कमी होऊ शकतात एवढंच. नॅनो केमो म्हणजे केमोचं औषध अतिसूक्ष्म कणांतून देणं. आयडिया अशी की गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात म्हणून १०० नॅनोमीटरच्या आसपासचे कण तिथे झिरपून साठतात आणि औषध तिथेच सुटतं, म्हणजे सिस्प्लॅटिन या नेहमीच्या केमोच्या औषधाने किडनी नि कानांची जी वाट लागते ती कमी व्हावी. उंदरांत हे झकास चालतं. पण २०१६ मध्ये जुन्या प्रयोगांचा आढावा घेतला तेव्हा दिसलं की टोचलेल्या डोसपैकी साधारण ०.७ टक्केच गाठीत पोचतो, बाकीचं बरंचसं लिव्हर आणि प्लीहा गिळून टाकतात!

ॲब्राक्सेन (अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटवलेलं पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध) बाजारात आहे, पण अमेरिकेत त्याला मान्यता स्तन, फुप्फुस आणि स्वादुपिंडासाठी, हेड-नेकसाठी (डोकं-मानेचे कॅन्सर, ज्यात तोंडही येतं) नाही, तिथे फक्त ट्रायल झाल्यात. आणि त्यानेही हातापायाला मुंग्या येतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात.

मला स्वतःला गाठीतच सुई टोचायचा मार्ग जास्त पटतो, कारण तोंडातली गाठ हाताला लागते. हॅफनियम ऑक्साइडचे (एका धातूच्या संयुगाचे) कण तसेच टोचून मग रेडिएशन देतात, त्यात औषध नसतंच, कण रेडिएशनचा मारा वाढवतात.

हे सगळं तोंडाच्या कॅन्सरसाठी सिद्ध होईपर्यंत कुणी 'नॅनो' म्हणून महागडं काही गळ्यात मारत असेल तर आधी ऑन्कोलॉजिस्टला विचारा, ऑपरेशन-रेडिएशन लांबवू नका.