परिपाठाच्या दिवशीच पोट दुखतं

प्रश्न : तासगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी पाचवी ते सातवीला शिकवते. परिपाठात सुविचार सांगायची पाळी आली की काही मुलांचं पोट दुखतं, दोघं तर घरीच राहतात. भीती वाढू नये म्हणून शाळेत काय करता येईल? डॉक्टरांचं व्याख्यान ठेवू का?
– एक शिक्षिका

उत्तर : एका व्याख्यानाने भीती जात नाही. 'दुखतंय ना, मग बस खाली' म्हटलं की मुलाला लगेच हायसं वाटतं, आणि टाळलं म्हणूनच सुटलो हे मनात पक्कं बसतं. पुढच्या पाळीला पोट आणखी दुखतं.

शाळेतल्या मुलांची भीती कमी करण्यासाठीचा ऑस्ट्रेलियातला 'फ्रेंड्स' हा कार्यक्रम आठवड्याला एक अशा 10 तासिका आणि नंतर उजळणीच्या 2 तासिका घेतो. शरीराच्या खुणा ओळखणं, सावकाश श्वास, मनातले विचार तपासणं आणि भीतीची शिडी चढणं, म्हणजे सोप्यापासून अवघडापर्यंत एकेक पायरीने भीतीला सामोरं जाणं, हे सगळं त्यात येतं. शाळांमध्ये बहुतेकदा श्वासापाशीच गाडी थांबते. खरं काम शिडी करते, ती गाळू नका.

शिडी मुलाबरोबर बसून लिहा. प्रत्येक पायरीला किती भीती वाटते ते 0 ते 10 मध्ये त्यालाच विचारा. रिकाम्या वर्गात फक्त तुम्हाला सुविचार वाचून दाखवणं 2, दोन मित्रांपुढे 4, वर्गात जागेवर बसून 5, उभं राहून 6, परिपाठात मित्राबरोबर 8, एकट्याने 10. एकच पायरी रोज करा. आकडा निम्म्यावर आला की पुढची. मूल अडलं तर पायरी मोठी झाली असं समजा आणि मध्ये आणखी एक घाला. थेट परिपाठात ढकललं तर भीती उलट घट्ट होते. कुणी हसलं तर तिथल्या तिथे थांबवा. शाबासकी देताना 'घाबरला नाहीस' म्हणू नका, 'भीती वाटत असूनही उभा राहिलास' म्हणा.

प्रशिक्षणात मात्र कसूर नको. इंग्लंडमध्ये 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हाच कार्यक्रम आरोग्य कर्मचाऱ्यांनी घेतला तेव्हा वर्षभरानंतर मुलांची चिंता कमी दिसली. शाळेच्या माणसांनी घेतला तिथे तसा फरक पडला नाही. म्हणून पहिल्या काही तासिकांना समुपदेशक सोबत असेल असं पाहा.

घरी राहणाऱ्या दोघांना आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यायला सांगा. पोटात काही दोष नसेल तर पालकांना भेटा, अर्ध्या दिवसापासून शाळा सुरू करा. दोन आठवड्यांतही येईनात तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. तोवर पालकांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक द्या. तिथे मराठीतूनही बोलता येतं.