जानेवारीत स्पितीला जायचंय, कूलंट फ्लश करावं का आणि कधी?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: गाडी २०१८ची डिझेल, ७८ हजार किलोमीटर झालेले, कूलंट कंपनीतून आलं तेच, उन्हाळ्यात कमी झालं की वरून पाणी टाकलंय, रंग अजून हिरवागार. जानेवारीत पुण्याहून स्पितीला न्यायची आहे, तर थंडीआधी फ्लश करायलाच हवं का?

हो, फ्लश, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं जुनं कूलंट काढून, आतून धुऊन नवं भरणं, करायलाच हवं. आणि निघायला चार दिवस उरले असताना नको, निदान महिनाभर आधी करा. माझं नाशिकला गॅरेज आहे. दिवाळी झाली की हिमाचल-लडाखला निघालेल्या गाड्या तयारीसाठी येऊ लागतात आणि जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कूलंटच्या बाबतीत दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. ते किती थंडीत गोठेल, हे त्यातल्या ग्लायकॉल (गोठू न देणारं द्रव रसायन) आणि पाण्याच्या प्रमाणावर ठरतं. गंज रोखणारी रसायनं त्यात शिल्लक आहेत की संपली, हे त्याच्या वयावर आणि धावलेल्या किलोमीटरवर ठरतं. जुनं कूलंट उणे ३५ अंशांपर्यंत न गोठणारं असेल आणि तरीही आतून ॲल्युमिनियम खात असेल. उलट, गेल्या वर्षी भरलेलं चांगलं कूलंट उन्हाळाभर पाणी टाकून इतकं पातळ झालेलं असेल की उणे दहालाच गोठायला लागेल. रंगावरून यातलं काहीच कळत नाही. तो नुसता डाय असतो, सहा वर्षांनीही तसाच चकाकतो.

तुमच्या गाडीत दोन्ही बाजूंनी शंका आहे. जुन्या पद्धतीचं हिरवं कूलंट साधारण दोन-तीन वर्षांत बदलावं लागतं, ऑरगॅनिक ॲसिडवालं लाँग लाइफ पाच वर्षं किंवा त्याहून जास्त चालतं. तुमच्या गाडीत कोणतं आहे ते मॅन्युअलमध्ये बघा, बाटलीच्या रंगावरून ठरवू नका, कारण रंगाचा नियम सगळ्या कंपन्यांना एक नाही. कोणतंही असलं तरी त्यात इतक्या वेळा नळाचं पाणी पडल्यावर मूळ मुदत धरून चालता येत नाही. पाणी बोअरचं असेल तर क्षारही आत गेलेत.

तरी एकदा तपासून घ्या. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा (गरम असताना कधीच नाही, वाफेने चेहरा भाजतो) आणि गळ्याच्या आतून बोट फिरवा. बोटाला विटकरी चिकट थर लागला तर पुढचं काही तपासायची गरजच नाही. बोट स्वच्छ आलं तर रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे कूलंटचा गोठणबिंदू दाखवणारं छोटं उपकरण, वापरा, हजार-दोन हजारांत मिळतो. काचेवर दोन थेंब टाकायचे, वरची पट्टी मिटवायची आणि उजेडाकडे धरून बघायचं. निळा आणि पांढरा भाग जिथे मिळतो तो आकडा म्हणजे गोठणबिंदू. आत इथिलीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉलच्या वेगळ्या पट्ट्या असतात, आपली बघा. आणि थेंब रेडिएटरमधूनच घ्या. वरच्या प्लास्टिकच्या बाटलीत टाकलेलं पाणी बऱ्याचदा तिथेच राहतं, त्यामुळे बाटलीतला आकडा फसवतो. हे उपकरण गंजरोधकाबद्दल मात्र काहीच सांगत नाही. त्याला वेगळ्या टेस्ट स्ट्रिप असतात. त्या मिळाल्या नाहीत तर वय हाच पुरावा माना.

आता थंडीचं. पुण्यात राहणाऱ्या गाडीला गोठण्याची भीती नाही. आपल्याकडे निफाडला पारा दोन-तीन अंशांवर येतो, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवाचा बर्फ होतो, इंजिनातलं पाणी काही गोठत नाही. म्हणून जे गाडी घेऊन महाराष्ट्राबाहेर जात नाहीत त्यांना मी डिसेंबरची घाई करायला सांगत नाही. त्यांचं कूलंट मार्च उजाडायच्या आत नीट असलं पाहिजे, कसारा आणि खंबाटकीचा चढ एप्रिलमध्ये असतो. तुमचं तसं नाही. स्पितीतलं मुख्य गाव काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे आणि जानेवारीच्या रात्री उणे वीसच्या खाली जातात. मनालीकडून येणारी कुंझुम खिंड हिवाळ्यात बंद असल्यामुळे तुम्ही शिमला, रामपूर, नाको, ताबो असेच जाणार, म्हणजे परतायचा रस्ताही तोच आणि गाडी रात्री बहुधा उघड्यावर.

पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. रेडिएटर फाटतो, ब्लॉकचे (इंजिनाच्या मुख्य सांगाड्याचे) कोअर प्लग, म्हणजे त्याच्या भोकांवर बसवलेली धातूची झाकणं, बाहेर येतात, नशीब वाईट असेल तर ब्लॉकलाच तडा. पण पूर्ण गोठायच्या आधीचा प्रकार जास्त वेळा घडतो आणि तो लोकांच्या लक्षात येत नाही. कूलंट बर्फाच्या गोळ्यातल्या चुऱ्यासारखं होतं. सकाळी गाडी सुरू केली की पंपाचं पातं त्यात अडकतं, बेल्ट ओरडतो, कूलंट फिरत नाही आणि बाहेर उणे वीस असताना आत इंजिन तापतं. ज्या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर (व्हॉल्व्हची वेळ सांभाळणाऱ्या पट्ट्यावर) चालतो तिथे बेल्टच गेला तर पुढचा खर्च विचारू नका.

अर्धं ग्लायकॉल, अर्धं डिस्टिल्ड पाणी हे मिश्रण सुमारे उणे ३७ पर्यंत टिकतं. तुम्हाला ते पुरेसं आहे. जास्त थंडी म्हणून नुसतं कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) भरू नका. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १२-१३ लाच गोठतं आणि उष्णताही पाण्याइतकी वाहून नेत नाही.

फ्लश करताना गॅरेजात सगळ्यात जास्त गडबड होते ती इथे. समजा, तुमच्या सिस्टीममध्ये सहा लिटर मावतं. खालचा नळ उघडला की चारच लिटर बाहेर येतं, दोन लिटर ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या कोअरमध्ये (केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरमध्ये) राहतं. साध्या पाण्याने धुऊन काढल्यावर ते राहिलेले दोन लिटर म्हणजे निव्वळ पाणी. त्यावर मेकॅनिकने चार लिटर अर्धं-अर्धं तयार मिश्रण ओतलं, की सहा लिटरमध्ये ग्लायकॉल दोनच लिटर, म्हणजे एक तृतीयांश. गोठणबिंदू उणे १७-१८. बिल फ्लशचं, बाटली नवी, आणि काझाला पहिल्याच रात्री चुरा. म्हणून फ्लशसाठी कॉन्सन्ट्रेट घ्या. एकूण क्षमतेच्या निम्मं, इथे तीन लिटर, आधी ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. तयार बाटलीच वापरायची असेल तर मागे छापलेला गोठणबिंदू वाचा, सगळ्यांचा सारखा नसतो. काम झाल्यावर, गाडी थोडी चालवून, पुन्हा दोन थेंब काचेवर टाका आणि आकडा डोळ्यांनी बघूनच पैसे द्या.

धुण्यासाठी केमिकल वापरावं का, तर आत गंज किंवा क्षार दिसले तरच. स्वच्छ असेल तर डिस्टिल्ड पाण्याने दोन-तीनदा भरून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत इंजिन चालवून, थंड करून काढलं की झालं. जुनं हिरवं आणि नवं ऑरगॅनिक एकमेकांत मिसळू नका, काही वेळा जेलीसारखा गाळ तयार होतो.

त्याच वेळी आणखी दोन वस्तू बघून घ्या. पहिली थर्मोस्टॅट. आपल्याकडे गाडी गरम होते म्हटलं की काही जण तो काढूनच टाकतात. इथे खपून जातं, स्पितीत इंजिन तापमानावर येणार नाही आणि हीटर थंड हवा फेकेल. तो जागेवर आहे याची खात्री करा. दुसरी रेडिएटरचं झाकण. काझाच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं, आणि इंजिनातलं कूलंट त्याहून गरम असतं. ते उकळत नाही ते ग्लायकॉलमुळे आणि झाकणाने धरून ठेवलेल्या दाबामुळे. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर बदला, अगदी थोड्या पैशांचं काम आहे.

महिनाभर आधी का, तेही सांगतो. फ्लशनंतर आत हवा अडकते. इंजिन गरम असूनही हीटर थंड वारा देत असेल तर हवा आहे असं समजा. शिवाय क्षाराने बुजलेली बारीक भोकं धुतल्यावर उघडी पडतात आणि थेंब गळायला लागतो. हे सगळं ताम्हिणी किंवा वरंध्यात कळलं तर तासाभराचं काम. तेव्हा काम झालं की एखादा घाट चढून या, दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना पातळी बघा, पुढचा आठवडाभर रोज बघत राहा.

काढलेलं कूलंट गटारात किंवा झाडाखाली ओतू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि किडनी निकामी होऊन मरतात. कॅनमध्ये बंद करून ज्या गॅरेजात वापरलेलं ऑइल गोळा होतं तिथे विचारा.

डिझेलचाही विचार करून ठेवा, कारण तेही थंडीत घट्ट होतं. इंडियन ऑइलने २०१९मध्ये लडाखसाठी उणे ३३ पर्यंत वाहणारं विंटर ग्रेड डिझेल आणलं ते याचसाठी. पुण्यात भरलेली टाकी वर नेऊ नका, रिकामी होत आली की हिमाचलच्या वरच्या भागातलं डिझेल भरत जा.

रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा आणि मॅन्युअलमधली कूलंटची क्षमता खाली लिहा, तुमच्या गाडीत कॉन्सन्ट्रेट नेमकं किती घालायचं ते मी काढून देतो.