आशाच्या सल्लागार परिषदेला पहिल्यांदा उभं राहताना

उभी राहते आहेस, फार बरं वाटलं! आशा (ASHA) ही अमेरिकेतली वाचा, भाषा आणि श्रवण तज्ज्ञांची संघटना. तिची ऑडिऑलॉजी (श्रवणशास्त्र) सल्लागार परिषद निर्णय घेत नाही, संचालक मंडळाला सल्ला देते. त्यामुळे उमेदवारीच्या निवेदनात "मी हे करून दाखवीन" अशी आश्वासनं नकोत. नवखे तिथेच चुकतात, नाहीतर पदव्यांची जंत्री देतात.

त्यापेक्षा एकच प्रश्न धर. ऑक्टोबर २०२२ पासून अमेरिकेत प्रौढांसाठीची काही श्रवणयंत्रं चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतात. तसलं यंत्र सारखं शिट्टी मारतंय म्हणून ते काढून खिशात ठेवलेले एखादे आजोबा तुझ्याकडे आलेच असतील. तिथून सुरुवात कर.

आणि एवढं लगेच कर:
- मतं तुझ्या राज्यातल्या सदस्यांची. राज्य संघटनेच्या बैठकांना जा.
- अर्जाची मुदत आजच बघ.

प्रचाराचं नंतर बोलू. आधी कच्चा मसुदा पाठव.