चामोर्शीचा एसटीडी बूथ आणि दादूंचं ईस्ट बेंगाल

तुम्ही विचारलंय की मोबाईल-इंटरनेट नव्हतं तेव्हा दूरच्या फुटबॉल क्लबच्या मागे लोक कसे राहायचे. माझं सांगतो. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यातला, धानाच्या भागातला माणूस, आणि माझा क्लब कलकत्त्याचा ईस्ट बेंगाल.

आमच्या चामोर्शी-मुलचेरा पट्ट्यात बंगाली गावं आहेत, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना साठच्या दशकात इथं जंगलात जमिनी देऊन वसवलं होतं. माझा शाळेतला जिगरी दोस्त तिथला. त्याचे आजोबा, त्यांना आम्ही सगळेच दादू म्हणायचो, मूळ पूर्व बंगालातल्या बरिशालचे, रायपूरजवळच्या माना या निर्वासितांच्या कॅम्पात दिवस काढून मग इकडे आलेले. ईस्ट बेंगालचं मैदान दादूंनी जन्मात पाहिलं नव्हतं, पण जे गाव सुटलं ते ज्या मुलखात होतं त्याचंच नाव या क्लबला, एवढं त्यांना पुरे होतं. ३० सप्टेंबर १९७५ ला आयएफए शील्ड या कलकत्त्याच्या स्पर्धेच्या फायनलला मोहन बागानला, म्हणजे कलकत्त्यातल्याच आमच्या कट्टर वैरी क्लबला, पाच-शून्य हाणलं होतं ते सांगताना ते प्रत्येक गोलला एक बोट दुमडायचे आणि शेवटी झालेली मूठ आम्हाला दाखवायचे.

नागपूरच्या पेपरात सगळं क्रिकेट, फुटबॉलच्या दोन ओळी आल्या तर आल्या. कलकत्त्याहून कोणी आलं की सामान बांधून आणलेला बंगाली पेपर आधी सोडवायचा, तो आठ-दहा दिवसांचा शिळा असला तरी दोस्त मोठ्याने वाचायचा अन् मले मराठीत सांगायचा, अशीच मी थोडी बंगाली शिकलो.

पण खरी आठवण १३ जुलै १९९७ ची, रविवार. फेडरेशन कपची सेमीफायनल, सॉल्ट लेक स्टेडियम, समोर मोहन बागान. त्यांचे कोच अमल दत्त, त्यांच्या डायमंड सिस्टीमची, म्हणजे मैदानावर खेळाडू उभे करायच्या पद्धतीची, तेव्हा लय हवा होती, आमच्याकडे कोच पी. के. बॅनर्जी आणि गोल मारायला भायचुंग भुतिया. स्टेडियमात एक लाख एकतीस हजारांवर माणूस होता हे नंतर कळलं. इकडे रोवणीचे दिवस, दिवसभर बांदीत चिखलात राबून आम्ही दोघं संध्याकाळी सायकलने भर पावसात चामोर्शीच्या एसटीडी बूथवर गेलो. दोस्ताच्या कलकत्त्याच्या मावशीच्या शेजाऱ्यांचा पीपी नंबर होता, म्हणजे फोन शेजाऱ्यांकडे, ते मावशीला बोलावून देणार. अर्धा तास लाईनच लागेना, लागली तर तिकडून कोणीतरी ओरडलं "चार-एक" अन् फोन कटला.

"चार कोनाचे बे?"

"मालूम नाही, कटला ना."

ती दहा-पंधरा मिनिटं मी विसरू शकत नाही. डायमंडची एवढी हवा, म्हणजे चार त्यांचेच असतील असं धरून दोस्त रडकुंडीला आला होता, खिशातले पैसे मोजून पुन्हा लावला तेव्हा मावशीच फोनवर आली. चार आपले! त्यातले तीन भायचुंगचे, पहिला नाझिमुलचा. आम्ही बूथमध्येच एकमेकांना मिठी मारली, सायकली कशा हाणल्या ते आठवत नाही.

गावात लाईट नव्हती. दादू कंदील घेऊन ओसरीवर बसलेले. दोस्ताने नुसती चार बोटं वर केली. दादू काही बोलले नाहीत, आत जाऊन काकीमांना म्हणाले उद्या मासा कर. ईस्ट बेंगाल जिंकलं की इलिश (हिलसा मासा) खायची रीत, इथं इलिश कुठून आणणार, दुसऱ्या दिवशी मामा (माजी मालगुजारी) तलावातला रोहू आला, मोहरी वाटून केलेला, दादूंनी डोकं माझ्या ताटात वाढलं.

(फायनल गोव्याच्या सालगांवकर क्लबकडून हरलो, ते दादूंना दोन दिवस सांगितलंच नाही आम्ही.)

२००३ च्या जुलैत जकार्तात थायलंडच्या बीईसी तेरो सासाना क्लबला तीन-एक हरवून आसियान कप जिंकला तेव्हा दादू नव्हते. आता मॅच मोबाईलवर दिसते. जानेवारी २०२४ ला सुपर कपच्या फायनलला एक्स्ट्रा टाइममध्ये ओडिशाला तीन-दोन हरवलं, बारा वर्षांनी मोठा कप आला, मी शेतातल्या झोपडीत एकटाच पाहत होतो. शिट्टी वाजली तशी दोस्ताला फोन लावला, तो हॅलो न म्हणता सरळ म्हणाला, "तलावावर जाऊन रायलो, तू ये."