कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं फ्लेक्सचं दुकान आहे. तिथल्या जुन्या पीसीवर डिझाइनचं ऑनलाइन टूल उघडतच नाही, नुसतं पांढरं पान दिसतं. काय करावं?

राजारामपुरीतल्या फ्लेक्सच्या दुकानातला जुना पीसी म्हणताय, तर आधी विंडोज कुठली ते बघा. विंडोज ७ असेल तर क्रोम १०९ व्या आवृत्तीवर अडकलेलं असणार. २०२३ पासून त्यावर पुढचं क्रोम येतच नाही, आणि नवी टूल्स जुन्या ब्राउझरला जुमानत नाहीत. मग बाकी खटाटोप करण्यात अर्थ नाही.

विंडोज १० किंवा ११ असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एन दाबून इन्कॉग्निटोत (क्रोमच्या खासगी विंडोत) उघडा. तिथं एक्स्टेन्शन, म्हणजे क्रोमला जोडलेली छोटी अॅप्स, सहसा बंद असतात आणि आधीच्या कुकीज, म्हणजे साइटनं ब्राउझरमध्ये ठेवलेली माहिती, वापरल्या जात नाहीत. म्हणून तिथं चाललं की दोष एक्स्टेन्शनचा (बहुतेक वेळा जाहिराती अडवणारा अॅड ब्लॉकर) नाहीतर साठलेल्या कुकीजचा. फक्त त्या साइटचा डेटा पुसा. सगळं पुसलंत तर बाकीच्या साइटवरही पुन्हा लॉगिन करत बसावं लागेल. तिथंही नाही चाललं तर मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून बघा, म्हणजे वायफायचा घोळ आहे का ते कळेल. घड्याळातली तारीख चुकली असेल तरी साइट अडतात.

टूल उघडतं पण माउस हलवला की गोठतं? मग क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीममधलं ग्राफिक्स अॅक्सिलरेशन बंद करून बघा. आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पन्नास कार्यकर्त्यांचे मूळ आकाराचे फोटो टाकले, तर चार जीबी रॅम दमणारच. फोटो आधी लहान करून घ्या.